पऱ्यातलं 'रान' साफ झालं, अभिनंदन!

आज सकाळी आमच्या वाडीतल्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जेसीबी उतरला. पाणकणीस, कर्दळ, अळू, सगळं उपटून काठावर ढीग. आता तळापासून काँक्रीट. विचारायला गेले तर ठेकेदार म्हणतो, "वहिनी, रान साफ केलं. आता पाणी कसं सरळ जाईल बघा."

जाईल ना! थेट वाशिष्ठी नदीत, तिथून दाभोळच्या खाडीत. साबणाचं, गोठ्याचं, संडासाच्या टाक्या भरून वाहिल्या की त्यांचंही. त्या 'राना'त हे पाणी रेंगाळायचं. पाणकणसाच्या पानांतल्या पोकळ्यांमधून हवा खाली मुळांपर्यंत जाते, तिच्यावर मुळांशी असलेले जिवाणू जगतात आणि घाण कुजवून संपवतात. नत्र-स्फुरद झाडं घेतात. ना वीज, ना पंप. शहरात याच कामाला सल्लागार नेमतात!

आमच्या सासूबाईंनी न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, केळी, अळू लावलेलं. पण वडीचं अळू तिथलं कधी नाही, ते विहिरीकडचं. पाहुण्यांनी पानं मागितली तरी "तिथली नकोत गो" म्हणायच्या. झाड जे पितं ते त्याच्या पानात येतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

डास होतात, मान्य. वरचेवर कापणी करावी लागते आणि ती कुणी करत नाही, तेही मान्य. म्हणून काँक्रीट?

आणि हीच मंडळी पाच जूनला खाडीकाठी टोप्या घालून रोपं लावणार, फोटो टाकणार, 'झाडं लावा, प्रदूषण हटवा'. अरे, लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या रासायनिक पाण्याला कर्दळ पुरणार आहे का? शिसं, कॅडमियम झाडात गेलं म्हणजे नाहीसं झालं नाही, मुळांत-पानांत जाऊन बसलं. ते कापून नेऊन नीट ठिकाणी टाकायचं कुणी? 1990 च्या दशकात चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून सीझियम, स्ट्रॉन्शियम ओढून घेतलं, पण मग ती सूर्यफुलंच किरणोत्सारी कचरा झाली. कारखान्याचं पाणी कारखान्यातच साफ करा. झाडांना मध्ये घालू नका.

सासूबाई वाढलेली कर्दळ कापून माडाच्या आळ्यात टाकायच्या. न्हाणीत साबण आणि राख एवढंच, म्हणून चालायचं. चुलीजवळ बसून त्यांना हा हिशोब कळत होता, आणि अंदाजपत्रक करणाऱ्यांना कळत नाही.

असो. ठेकेदारावर राग नाही. पोरगा ओळखीतलाच, कागदावर आलं ते करतोय. दुपारी उन्हात उभा होता, कोकम सरबत दिलं त्याला.

ढिगातले कर्दळीचे कंद पोत्यात भरून आणलेत. पऱ्या नदीला मिळतो तिथलं काम अजून व्हायचंय, तेवढा तुकडा तरी मातीचा ठेवा म्हणून अर्ज लिहितेय. वाडीतल्यांनी संध्याकाळी सह्या करायला या. डासांबद्दल बोलायचं असेल त्यांनी आधी सही करावी, मग बोलावं.