टोमॅटो बियांपासूनच लावा, आणि आत्ताच लावा

गणपती झाले, पाऊस ओसरायला लागलाय, आणि ज्यांच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत रोज पाच-सहा तास कडक ऊन येतं त्यांना माझं अगदी मनापासून सांगणं आहे की या आठवड्यात टोमॅटोच्या बिया पेरा. नर्सरीतून तयार रोप आणू नका, बिया पेरा.

नर्सरीत विचारलं "कुठलं वाण आहे?" तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "टोमॅटोच आहे मॅडम". आणि तिथेच सगळं हातातून जातं ना, कारण चव ठरते वाणावर. बाजारातला टोमॅटो बेचव का लागतो याचा दोष आपण उगाच शेतकऱ्याला देतो. नारायणगावचा माल मुंबईला, दिल्लीला जायचा, म्हणजे जाड सालीचा, टणक, प्रवासात न फुटणारा संकरित वाण लावावाच लागतो, आणि रंग नुकता फिरायला लागला की तोडावाही लागतो. मे २०२३ मध्ये भाव नाही म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर फेकला आणि जुलैत तोच शंभरच्या कुठच्या कुठे वर गेला, अशा बाजारात तो माणूस चवीसाठी वाण कसा निवडणार सांगा! आपल्याला ती अडचणच नाही. आपला टोमॅटो कुंडीतून कढईपर्यंत जायचाय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, गच्चीवर सरळ वाणच लावावं, म्हणजे संकरित नसलेलं, ज्याचं बी राखून पुन्हा पेरता येतं असं. दिल्लीच्या पुसा संस्थेचं पुसा रुबी, राहुरी विद्यापीठाचं धनश्री किंवा भाग्यश्री, नाहीतर गावाकडून कुणाकडे गावरान बी मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुसा रुबी थोडं चपटं, रेघारेघांचं, मऊ आणि मस्त आंबट, साराला आणि कोशिंबिरीला याच्यासारखं दुसरं नाही. काही जुन्या वाणांचे टोमॅटो पिकायच्या आधी देठाजवळ गडद हिरवे असतात. सगळीकडून सारखा लाल होणारा टोमॅटो दुकानात बरा दिसतो म्हणून पैदासकारांनी तो हिरवेपणा घालवला, आणि २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यासोबत फळातली साखर पण कमी झाली. दिसायला छान म्हणून गोडी गेली, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

आणि वेळ. लोक मार्चमध्ये उत्साहाने लावतात आणि मग एप्रिलमध्ये विचारतात फुलं का गळतायत. दिवसा पस्तीसच्या वर पारा आणि रात्री पण उकाडा असला की परागकण निकामी होतात, फळ धरत नाही, त्याला कुठलंही खत उपयोगाचं नाही. सप्टेंबरात पेरलं की फुलोरा येतो थंडीत. शिवाय हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं, हे आपल्याकडच्या फ्लॅटवाल्यांसाठी वरदानच आहे.

पेरणी सोपी आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं, बी अर्धा सेंटीमीटर खोल, आठवड्याच्या आसपास उगवतं. उगवलं की लगेच उन्हात ठेवायचं, सावलीत ठेवलं की रोप लांबुडकं होऊन आडवं पडतं, आणि पाणी बेताचं, नाहीतर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. महिन्याभरात मोठ्या कुंडीत हलवा, पंधरा लिटरच्या खाली नको, आणि खालची पानं काढून रोप चांगलं खोल गाडा कारण मातीत गेलेल्या खोडाला पण मुळं फुटतात. उंच वाढणारं वाण असेल तर काठी आणि सुतळीचा आधार लवकर द्या. फुलं आली की सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची, परागकण पडतात आणि फळ धरतं, वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात तिथे तर हे हवंच. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर कीटकनाशक मारू नका प्लीज, तो रोग नाही, पाणी कमीजास्त झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. रोज सारखं पाणी द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरळ वाण असेल तर बी दरवर्षी विकत आणायचं नाही. टोमॅटो बहुतेक स्वपरागीभवन करतो, म्हणजे फूल स्वतःच्याच परागकणांनी फळतं, त्यामुळे पुढच्या वर्षी जवळपास तसंच झाड येतं, संकरितात तसं होत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. आपण निदान एक वाण तरी सांभाळूया की! सगळ्यात निरोगी झाडावरचं सुरुवातीचं चांगलं फळ खायचं नाही, पूर्ण पिकू द्यायचं. गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवायचा, बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो तो त्याने सुटतो. मग धुऊन सावलीत ताटलीवर वाळवा, कागदावर नको, चिकटतात. पुडीवर वाणाचं नाव आणि साल लिहा, कोरड्या जागी ठेवलं तर चार-पाच वर्षं आरामात उगवतं. आणि निम्म्या बिया शेजारी द्या.