खर्चाला सहा डोकी, मदतीला एकच घर

यापुढे मला कुणी "जरा हात आखडून खर्च कर गं" म्हणालं ना, तर मी माझी हिशोबाची वहीच त्याच्या पुढ्यात टाकणार आहे. घे, आखड. कुठं आखडायचं ते बोट ठेवून दाखव. दूध? रिक्षा? धाकट्याचा खोकला?

परवा नात्यातल्याच एका हुशार पोरानं व्हिडिओ पाठवला. कमाईचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च अडीअडचणीला बाजूला काढून ठेवा म्हणे. सांगणारा कोट घालून बसलेला, मागं एसी. अरे बाबा, माझी पाच लेकरं, नवरा गेल्यापासून कमावणारी मी एकटी, आणि मी काम करते गणवेशाच्या कारखान्यात, नगावर. मला पगार नसतो, नग असतात. शाळा उघडायच्या आधी सीझन असतो तेव्हा मशीनवरून मान वर करायला सवड नसते. सीझन सरला की मालक म्हणतो, "ऑर्डर नाही बाई, पुढच्या आठवड्यात बघू." त्या आठवड्याचे ५० टक्के किती होतात ते त्या कोटवाल्यानं येऊन सांगावं. आणि हौसेला ३० टक्के! आमच्या घरात हौस म्हणजे रविवारी अंडी.

पण त्या पोरावर माझा राग नाही, त्याला काय कळतंय. माझा राग मोजण्यावर आहे. आमच्याकडून पैसे घ्यायचे असले की सगळे आमची डोकी मोजतात. आम्हाला काही द्यायची वेळ आली की मात्र "घर एकच आहे की ओ!"

घरमालकापासून सुरू करा. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात भाड्यानं राहतो. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, माणसं किती? सहा म्हटलं की तोंड वाकडं. भाडं ठरलेलं एक, पण "पाणी जास्त लागणार, संडास जास्त वापरणार" म्हणून माणशी वेगळे पैसे. पाणी! सोलापुरात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं हे काय मी नव्यानं सांगायला नको. उजनी धरण भरून वाहिलेल्या वर्षीसुद्धा आमचा नळ कोरडाच. पाणी आलं की रात्र असो पहाट असो, घागरी, बादल्या, पिंप, सगळं भरून घ्यायचं. दोघा माणसांना दोन पिंपं पाच दिवस पुरतात. सहा जणांना तेवढी पिंपं आणायची कुठनं आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत ठेवायची कुठं? मग चौथ्या दिवशी घागरीवर पैसे देऊन पाणी आणायचं. पाण्याचे माणशी पैसे वेगळे दिलेलेच असतात, तेही धरा.

शाळेचा रिक्षावाला मुलामागे घेतो. त्याचं बरोबर आहे, त्याचंही पोट आहे, पेट्रोल त्याला कुणी फुकट देत नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण शाळेशी आहे. शाळेचं नाव घेत नाही, सगळ्या शाळा एकाच माळेचे मणी. आता ऐका गंमत. मी दिवसभर शाळेचे फ्रॉक, पँट, शर्ट शिवते. सोलापूरचा गणवेश देशभर जातो, हे पेपरात छापून येतं आणि आम्हाला अभिमान वगैरे वाटतो. माझ्या हातचे शर्ट कुठल्या कुठल्या राज्यातली पोरं घालत असतील. आणि माझ्या स्वतःच्या पोरीचा गणवेश मी शिवायचा नाही! ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचा, तोच रंग, तेच कापड, खिशावर तोच बिल्ला. दुकानात गेले, शिवण उलटी करून बघितली. धागा कच्चा, काजं ओढलेली, दाब शिलाई नाहीच. माझ्या हातून असा नग गेला असता तर सुपरवायझरनं तोंडावर फेकला असता. आणि किंमत विचारली तर मला एका नगाला जे मिळतात त्याच्या कितीतरी पट. मोठीचा गणवेश धाकटीला घालावा म्हटलं तर दोन वर्षांनी रंग बदलतात. का बदलतात? निळ्याचा हिरवा केल्यानं गणित सुधारतं का?

दोघी थोरल्या सरकारी अनुदानाच्या शाळेत गेल्या म्हणून निभावलं. त्यांना पहिलीपासून पुस्तकं फुकट मिळाली. धाकट्यांना जवळची शाळा म्हणून इकडं घातलं, तर इथं दर महिन्याला काहीतरी. सहलीचे प्रत्येकी. स्नेहसंमेलनाचे प्रत्येकी. फोटोचे प्रत्येकी. "बहिणी आहेत, थोडं कमी करा" म्हटलं तर बाई म्हणतात, "नियम सगळ्यांना सारखाच असतो." असतो ना? मग आता सारखेपणा बघा.

संजय गांधी निराधार योजना. विधवेला महिन्याला १,५०० रुपये. अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत. वर्षाचं! महिन्याला पावणेदोन हजार. आम्हा सहा जणांत वाटले तर दिवसाला डोईमागे दहा रुपयेसुद्धा येत नाहीत. म्हणजे डोईमागे दहा रुपयांत जी बाई स्वतः जगून लेकराला जगवते ती निराधार, आणि मी दिवसभर मशीन मारून जरा बरं कमावते म्हणून मला आधार आहे. कुणाचा? पूर्वी ही रक्कम हजार होती तेव्हा एक मूल असेल तर शंभर आणि दोन असतील तर दोनशे जास्त मिळायचे. दोनाच्या पुढची लेकरं वाऱ्यावर जगतात असं ते लिहिणाऱ्याला वाटत असावं.

रेशन घ्या. शहरात प्राधान्य यादीत यायचं तर कुटुंबाचं उत्पन्न ५९,००० च्या आत पाहिजे. एकट्या म्हातारीचं घर असो नाहीतर माझं सहा जणांचं, रेघ तीच. सहात भागून बघा, डोईमागे दिवसाला सत्तावीस रुपये. आमचं कार्ड केशरी, आणि यादीत नाव नाही. २०२३ पासून यादीतल्यांना धान्य फुकट आहे, माणशी पाच किलो. म्हणजे एकदा आत शिरलं की डोकी मोजतात, पण शिरायच्या दारात मोजत नाहीत. दारात मोजली असती तर आम्हाला महिन्याला ३० किलो धान्य मिळालं असतं! आणि सगळ्यात गरिबांसाठीच्या अंत्योदय कार्डाचं उलटं, कार्डामागे ३५ किलो, घरात दोन असोत की आठ. आमच्या गल्लीत दोन्ही नमुने आहेत. दोन माणसांच्या घरातला तांदूळ दुकानदाराकडे परत विकला जातो आणि आठ जणांच्या घरात विसाव्या दिवशी डबा वाजतो. डोळ्यांनी बघते मी.

शिवाय रेशनला गहू-तांदूळ. भाकरी खाणारी माणसं आम्ही. मंगळवेढ्याची ज्वारी आमच्या जिल्ह्याची, तिला जीआय मानांकन, म्हणजे ह्याच भागाची खास म्हणून सरकारी शिक्का, मिळालं म्हणून केवढं कौतुक झालं. ह्या मालदांडी ज्वारीचा भाव विचारा आता. एकेकाळी गरिबाची भाकरी होती ती, आता पाहुणे आले की थापायची आणि एरवी चपाती. शेंगाचटणी तेवढी परवडते, तीही शेंगदाणे मोजून.

वीजबिल तसंच. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्याच्या वर गेलं की दुपटीच्या आसपास. हे शंभर युनिट माणशी नाहीत बरं का, मीटरमागे. मार्च ते मे सोलापुरात पत्र्याखाली राहून बघा, रात्री दोन पंखे लागतातच. राजाराणीच्या संसारात शंभराच्या आत भागतं. आमचं कसं भागणार? म्हणजे एकाच छताखाली दाटीवाटीनं राहून आम्ही जास्त वीज खाणारे श्रीमंत ठरलो! सिलिंडरही १४.२ किलोचाच, चौघांना महिना जातो, आम्हाला वीस-बावीस दिवस.

लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, खोटं कशाला बोलू. त्यातून घरभाड्याला हातभार लागतो आणि ज्यांना त्याची टिंगल करायची असेल त्यांनी एक महिना त्याच्याशिवाय माझं घर चालवून दाखवावं. पण २०२५ मध्ये ओळख पटवायची ई-केवायसी निघाली तेव्हा काय मागितलं? नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येणार. माझे दोघंही वर गेलेले. ओटीपी पोचतो का तिथपर्यंत? नंतर अशा बायकांसाठी वाट काढली, मृत्यूचा दाखला द्या म्हणाले. म्हणजे ज्या बाईचा नवरा जिवंत आहे तिचं घरबसल्या दोन मिनिटांत होतंय आणि जिचा गेला तिनं कामाचा खाडा करून, झेरॉक्स काढून, रांगेत उभं राहून तो गेल्याचं परत एकदा पटवून द्यायचं. माझा एक दिवस बुडाला की त्या दिवसाचे नग बुडतात. ते कुणाच्या खात्यात धरायचे?

एक-दोन ठिकाणी तरी शहाणपणा दिसतो, तेही सांगते. बालसंगोपन योजनेत मुलामागे २,२५० आहेत. अर्ज दिलाय, घरी येऊन चौकशी करून गेल्या बाई, आता वाट बघणं आलं. आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केलीये, तीही प्रत्येक मुलीला. थोरली अकरावीला आहे, डोळे त्यावर लागलेत. बघा, ठरवलं तर जमतं मोजायला.

जानेवारीत गड्डा असतो. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावर पाळणे, सगळं सोलापूर तिथं लोटतं. लेकरं डिसेंबरपासून दिवस मोजतात. दर्शन फुकट आहे, सिद्धरामेश्वराचे उपकार. पण मैदानात पाऊल टाकलं की पाळण्याचं तिकीट माणशी, मौत का कुआँ माणशी, भज्याची प्लेट माणशी. मी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची निघेल तो पाळण्यात बसेल, बाकीचे खालून हात हलवतील. तर शेजारी एक ओळखीच्या बाई उभ्या, म्हणतात कशा, "एवढी लेकरं जन्माला घालायचीच कशाला मग?"

हे वाक्य मी ऐकून ऐकून पिकलेय, म्हणून एकदाच लिहून टाकते. लेकरं झाली तेव्हा या घरात कमावणारे दोघं होते. यंत्रमागावर नवऱ्याच्या दोन दोन पाळ्या चालायच्या. आणि तिसरी मुलगी झाली तेव्हा "एक मुलगा पाहिजेच" म्हणून मला दवाखान्यातच ऐकवणारे, चौथीला तोंड पाडून निघून जाणारे, नवस बोलणारे, पाचव्याला पेढे खाऊन जाणारे हेच सगळे होते. नवरा गेल्यावर पेढे खाणाऱ्यांतला एकही माणूस शाळेच्या फीला उभा राहिला नाही. आता तेच विचारतात, "कसं करायलीस गं एवढ्यांचं?" करायले की! तुम्ही नका काळजी करू, तुम्ही पुढच्या बारशाला पेढे खायला जा.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. परत अर्ज, परत फोटो, परत खाडा. त्या अर्जात घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय लिहायला लावतात. मी दरवर्षी पाचही लेकरांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिते आणि खिडकीतला माणूस ती नावं न वाचता फक्त उत्पन्नाच्या आकड्यावर पेन टेकवून म्हणतो, "मावशी, तुमचं जास्त भरतंय."