'माइट' म्हणजे कदाचित? कदाचित गेलं खड्ड्यात!

डोकं फिरलंय नुसतं. सोमवारी लंडनच्या क्लायंटची मेल आली: 'यू माइट वॉन्ट टू चेक द थर्ड फाइल.' शाळेत घोकलेला इंग्रजी व्याकरणाचा तक्ता काय सांगतो? माइट म्हणजे शक्यता, तीही मे-पेक्षा कमी. म्हणजे मला ती फाइल बघावीशी वाटण्याची पुसटशी शक्यता आहे. नाही वाटली मला बघावीशी! गुरुवारी साहेब सगळ्यांसमोर उखडले, 'अरे, त्याने स्पष्ट सांगितलं होतं ना!' स्पष्ट? याला स्पष्ट म्हणतात? आपल्याकडे 'ती फाइल बघ रे जरा' म्हणतात, विषय संपतो.

आणि तो तक्ता! कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे बंधन. मोडल, म्हणजे असलं सहायक क्रियापद, ओळखा, कार्य लिहा, एक मार्क, चला पुढे. मस्टला नॉट लावलं की थेट मनाई होते आणि 'गरज नाही' म्हणायला डोन्ट हॅव टू लागतं, हे बाईंनी कधी सांगितलंच नाही. मी एकीला लिहिलं, 'यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे.' मला म्हणायचं होतं, यायला नको, आराम कर. तिने वाचलं, खबरदार आलीस तर! मराठीत 'यायला नको' आणि 'यायचं नाही' यात शेंबडं पोरही गोंधळत नाही.

कुडचं तर नावच काढू नका. म्हणे कॅनचा भूतकाळ. मग 'आज सकाळी मला गाडी पकडता आली' याला 'आय कुड कॅच द ट्रेन' चालत नाही, वॉज एबल टू हवं. गाडी चुकली तर मात्र कुडन्ट बिनधास्त चालतं! आणि 'कुड यू सेंड इट टुडे'मध्ये भूतकाळ कुठाय? तो तर हुकूम आहे, इस्त्री करून आलेला.

बरं, गोंधळ आपल्यापुरता आहे म्हणावं, तर इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या मंडळींनी १९९७ साली आरएफसी २११९ हा अख्खा दस्तऐवज काढला, मस्ट, शुड, मे म्हणजे नेमकं काय ते ठरवायला. त्यांना लेखी व्याख्या लागते आणि मी मात्र 'माइट वॉन्ट टू' मनकवड्यासारखं ओळखायचं!

आत्ता परत मेल आलीय. 'वुई शुड प्रॉबब्ली टॉक.' शुडही आहे, प्रॉबब्लीही आहे. लावा आता तक्ता.