तळ्यातले मासे वाचवायचे सोपे उपाय

भिगवणकडच्या समस्त तळेवाल्यांनो, तळं खोदलं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, रोहू-कटल्याचं बीज सोडलं, आता राहिला फक्त पाखरांचा बंदोबस्त. घ्या, फुकट सल्ला.

नवी जाळी आणायचीच नाही. जुनं फाटकं तंगूस, म्हणजे बारीक नायलॉनच्या दोऱ्याचं जाळं मिळतं, तेच टाका आडवंतिडवं. पांढरी जाड जाळी पाखराला लांबून दिसते, मग ते उतरतच नाही, तंगूस कसं उन्हात दिसतसुद्धा नाही. आणि ताणून बांधू नका हां, मस्त झोळ पडला पाहिजे, म्हणजे पाणकावळ्याचा पंख अडकतो आणि तो जेवढा फडफडेल तेवढा गुंतत जातो. परवा आमच्या शेजारच्या तळ्यावर असाच एक खंड्या उलटा लटकलेला, मालकाला म्हटलं दादा तेवढा काढा, तर म्हणे "राहू दे की, बाकीच्यांना दहशत बसते." दहशत! पलीकडच्या खांबावर दुसरा खंड्या निवांत मासा गिळत होता. बांधावर त्याच जाळ्याचा गुंता टाकलेला, त्यात धामण, तंगूस पार मांसात रुतलेलं. अहो तुमच्या खाद्याची पोती फोडणारे उंदीर कोण खातं मग, बगळे?

कोल्ही-कुत्री येत असतील तर तारेत घरचा करंट सोडा, गडी चिकटला तर त्याचं नशीब.

कागदाच्या तळ्यात दोर, शिडी काही सोडू नका. पडलेलं जनावर घसरून घसरून बुडतं, फार तर पाणी बदलावं लागेल.

फ्लेमिंगो बघायला पाहुणे आले की त्यांना दुसऱ्या रस्त्यानं न्या.

बास. पाखरं बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं खातात, नुकसान होतं, कोण नाही म्हणतंय? पण अनुदानाच्या फायलीसाठी महिनोन् महिने खेटे घालता आणि चार खांब रोवून जाळी ताणायला जीव जातो? बोट जाणार नाही इतकी बारीक, जाड दोऱ्याची, ताठ. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 2021 पासून घरच्या फळझाडावरच्या जाळीलासुद्धा 5 मिलीमीटरपेक्षा मोठं भोक चालत नाही. आपला वन्यजीव कायदा 1972 चा आहे, तो फक्त वाघ-बिबट्याचा नाही, धामणीचा आणि खंड्याचाही आहे. काही अडकलं तर वनखात्याच्या 1926 ला फोन लावा, ओढाताण करू नका. आणि माल निघाला की जाळं गुंडाळून शेडमध्ये ठेवा, बांधावर फेकून झोप लागते कशी तुम्हाला?