अपडेटवर अडकलेला कॉम्प्युटर आणि मामांपर्यंत पोचलेला मेसेज

रविवारी रात्री मिरजेहून मामांचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. ग्रुपवर आलं होतं, अगदी तसंच केलं मी." मामा 71 वर्षांचे. सोसायटीचा जमाखर्च, मामींच्या औषधांची बिलं, नातीचे फोटो, सगळं त्या एका मशिनवर. तो मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपवर आला होता आणि मी वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: बंद करताना विंडोज "अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका" यावर अडकलं, तर लगेच प्लग काढा. मग सी ड्राइव्हमधलं विनएसएक्सएस फोल्डर उडवा, 15 जीबी जागा मोकळी होईल. त्यानंतर अपडेट कायमचं बंद करा, कारण जुने कॉम्प्युटर मुद्दाम स्लो करायचा तो कंपनीचा डाव आहे. आणि 19 जुलै 2024 ला विंडोज अपडेटनेच जगभरची विमानं थांबवली होती.

फोल्डरचा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून तो आधी. विनएसएक्सएस म्हणजे कचरा नव्हे. विंडोजचे सुटे भाग तिथे ठेवलेले असतात. अपडेट बसवताना, फसलं तर मागे घेताना आणि बिघडलेली फाइल दुरुस्त करताना विंडोज तिथूनच भाग उचलतं. म्हणजे अपडेट अडकलं असताना जे फोल्डर सगळ्यात जास्त लागणार, तेच उडवायला हा मेसेज सांगतो! मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की या फोल्डरमधल्या फाइल्स किंवा अख्खं फोल्डर डिलीट केलं तर सिस्टिमचं गंभीर नुकसान होऊ शकतं, कॉम्प्युटर सुरू न होण्याची आणि पुढे अपडेटच न होण्याची वेळ येऊ शकते. ज्यांनी विंडोज बनवलं त्यांचं हे म्हणणं आहे. यावर आणखी कोणाचा दाखला हवा?

बरं, ते फोल्डर साध्या डिलीटने जातही नाही. चुकून कोणाच्या हातून उडू नये म्हणून विंडोजने त्याला कुलूप लावलेलं असतं. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, कारण ते कुलूप तोडायच्या दोन कमांड त्याने खाली दिल्यात. मामांनी चष्मा लावून त्यातलं एकेक अक्षर टाइप केलं.

आणि 15 जीबीचा हिशोबही खोटा. तिथल्या बऱ्याच फाइल्स म्हणजे सिस्टिम32 वगैरे फोल्डरमधल्याच फाइल्सची दुसरी नावं असतात. एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावरही असतं आणि मतदारयादीतही, म्हणून घरात माणसं दोन होत नाहीत. त्यातलं एक नाव खोडलं तर डिस्कवर जागा सुटत नाही, दुरुस्तीची सोय तेवढी जाते. जागा खरंच हवी असेल तर डिस्क क्लीनअप उघडा, "क्लीन अप सिस्टिम फाइल्स" दाबा आणि "विंडोज अपडेट क्लीनअप" निवडा. जुने भाग विंडोज स्वतःच नीट काढतं.

आता प्लग. चालू असताना वापरात असलेल्या फाइल्स बदलता येत नाहीत, म्हणून विंडोज ते काम बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना करतं. जुनी हार्ड डिस्क आणि काठोकाठ भरलेली सी ड्राइव्ह असेल तर आकडा तासभर एकाच जागी दिसू शकतो. त्याला अडकणं म्हणत नाहीत. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. दोन-तीन तास द्या, जमलं तर रात्रभर ठेवा. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

एवढं थांबूनही दिवा विझलेलाच असेल, तर हो, बटण दहा सेकंद दाबूनच बंद करावं लागतं. एवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे, पण तो शेवटचा उपाय, "लगेच" करायचा नव्हे. पडद्यावर बायॉस किंवा फर्मवेअर (मशिनच्या आतला मूळ प्रोग्रॅम) अपडेट असं दिसत असेल तर बटणाला हातच लावू नका, मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो.

पुन्हा सुरू केल्यावर "बदल मागे घेतले जात आहेत" असं आलं तर तेही पूर्ण होऊ द्या. दोन-तीनदा सुरू होताना फसलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. विंडोज उघडलं पण तेच अपडेट पुन्हा अडकतंय, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन "विंडोज अपडेट" आणि "बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर" तात्पुरत्या थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनच्या आतलं डाउनलोड फोल्डर रिकामं करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. उतरवलेल्या फाइल्स तिथे असतात, विंडोज त्या पुन्हा आणतं. रिकामं करायचं फोल्डर हे, विनएसएक्सएस नव्हे.

अपडेट कायमचं बंद करा म्हणणाऱ्याला 2017 आठवत नसावं. 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुरक्षेतली एक फट बुजवणारं अपडेट दिलं. 12 मेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच फटीतून शिरला आणि सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त मशिनवरच्या फाइल्स त्याने कुलूपबंद केल्या. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने इतर वाटांबरोबर तीच फट वापरली आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. अपडेट तीन महिने आधीच आलेलं होतं.

अपडेट कधीच चुकत नाही असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर 2018 च्या मोठ्या विंडोज 10 अपडेटने काही लोकांच्या स्वतःच्या फाइल्स उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. म्हणून बॅकअप ठेवा, हवं तर अपडेट काही आठवडे "पॉज" करा. तेवढी सोय सेटिंग्जमध्येच आहे.

जुलै 2024 चं तर सरळ खोटं. ते विंडोज अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल होती आणि सुमारे 85 लाख मशिन पडली. ते सॉफ्टवेअर कंपन्या घेतात, मामांच्या घरी ते नव्हतंच. मुद्दाम स्लो करण्याच्या डावाचा पुरावा मेसेजमध्ये एका ओळीचाही नाही.

मामांची डिस्क काढून दुसऱ्या मशिनला जोडली. जमाखर्च आणि फोटो निघाले. विंडोज मात्र नव्याने टाकावं लागलं, आणि सोसायटीच्या पावत्या छापायचा प्रिंटर अजून जोडायचा राहिलाय.