काटकसर एकट्या आईच्या ताटात नको

परीक्षा संपल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर समर कॅम्पच्या जाहिराती सुरू झाल्या. त्यांच्या पाठोपाठ क्राफ्टचं किट, छोट्या शेफचं किट. चार-पाचशे रुपयांचा एक खोका. आत आधीच कापून ठेवलेला कागद, डिंकाची एवढीशी बाटली, आइस्क्रीमच्या काड्या आणि मोजून पुडीत भरलेलं पीठ. मला या खोक्यांचा मनापासून राग येतो. पैसे जातात ते जातातच, पण मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की हातानं काही करायचं तर आधी दुकानात जायला हवं. शोधाशोध, मोजमाप, कापाकापी, यातच तर खरी मजा असते आणि नेमकी तीच खोका भरणाऱ्यानं उरकून टाकलेली असते.

त्यापेक्षा वर्ष संपल्यावर दप्तरातून निघालेल्या वह्या बघा. निम्म्याअर्ध्या कोऱ्या. आमच्या लहानपणी मे महिन्यात घरोघरी हा कार्यक्रम असायचा: कोरी पानं काढायची आणि रफ वही शिवायची. मी तो पुन्हा सुरू केलाय. पानं नीट फाडून चारी कडा जुळवायच्या, गठ्ठा जमिनीवर आपटून सारखा करायचा. कडेपासून बोटभर अंतर सोडून पट्टीनं रेघ मारायची आणि तिच्यावर सारख्या अंतरानं पाच खुणा. दाभणानं भोकं मी पाडते. पण सुईत जाड दोरा ओवून खालून वर, वरून खाली शिवण घालायची ती मुलांनीच. धाकट्याची शिवण वाकडी येते, येऊ दे. तीच वही तो वर्षभर कुणाला हात लावू देत नाही.

पुठ्ठ्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवायला खळ करतो. एक चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं दूध हळूहळू काचेसारखं पारदर्शक व्हायला लागतं, तेव्हा दोघं ओट्याशी डोकी भिडवून उभे असतात. पूर्वी बाइंडर खळीत झुरळ-कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विषारी असतं, घरी नकोच. हवी तेवढीच खळ करावी, उरलेली दोन दिवस फ्रीजमध्ये टिकते.

रंगांचंही तेच. चमचाभर हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळू द्या. मग कपड्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर नाव लिहा. पिवळ्यावर लालभडक अक्षरं उमटतात. हळदीचा रंग चुना, सोडा, साबण अशा अल्कधर्मी पदार्थांनी लाल होतो. त्याच अक्षरांवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं! जास्वंदीची फुलं गरम पाण्यात ठेवून त्या पाण्याचे दोन कप करा, एकात लिंबू, एकात चिमूटभर खायचा सोडा. एक गुलाबी, दुसरा हिरवट. पुढे शाळेत लिटमस येईल तेव्हा ही मुलं म्हणतील, हे तर आम्ही केलंय.

"टाकाऊतून टिकाऊ म्हणजे गरिबी" असं एका मैत्रिणीनं मला तोंडावर सांगितलं. मला तेव्हा बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या सोबतीनं ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग, खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या बालवाडीला परवडणार कशी? म्हणून शिंपले, बिया, पानं, माती, जे भोवती होतं त्यातूनच त्यांनी मुलांना मोजायला, निवडायला, ओळखायला शिकवलं. आणि ते काही कमी प्रतीचं शिक्षण नव्हतं, देशभरातून लोक ते बघायला यायचे.

आता स्वयंपाकघर. इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय.

आपल्याकडे काटकसर होते, नाही असं नाही. पण ती कुणाच्या ताटात होते? रात्रीच्या दोन पोळ्या उरल्या की सकाळी सगळ्यांना गरम पोहे आणि त्या दोन पोळ्या आईला. वाटीच्या तळाशी राहिलेली आमटी आईला. "टाकायचं कशाला" म्हणत ती उभ्या उभ्या खाते आणि मुलं ते रोज बघतात. यातून मुलं अन्न वाया न घालवायला शिकत नाहीत. उरलंसुरलं खायचं ते आईनं, एवढंच शिकतात. माझ्या आईनं सांगलीच्या घरात आयुष्यभर हेच केलं, आणि लग्नानंतर मीही कुणी न सांगता तेच करत होते. ते मला मुलांपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

म्हणून आमच्याकडे आता नियम: उरलेलं सगळ्यांचं. पोळ्या उरल्या की कुस्करा होतो आणि तो चौघांच्या ताटलीत सारखा पडतो. पोळ्या कुस्करायचं काम मुलांचं. फार बारीक करायच्या नाहीत, भुगा होतो. नखाएवढे तुकडे हवेत. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे, भरपूर कांदा. पोळी घातली की ताकाचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक वाफ. वरून कोथिंबीर आणि लिंबू. पोळ्या कमी असतील तर गूळ आणि तूप घालून लाडू वळायचे, तेही मुलांचंच काम.

भाताची मात्र काळजी घ्या. फोडणीचा भात करायचा तर रात्रीचा भात गार झाला की लगेच फ्रीजमध्ये गेला पाहिजे. या दिवसांत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणू वाढून जे विष तयार होतं, ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. मुलांना उलट्या व्हायला तेवढं पुरतं. तो भात बिनदिक्कत टाका, त्यात काटकसर करू नका.

मे महिन्यात तर मुलांना द्यायला कामंच कामं. आमरस काढला की कोयी आणि सालं पाण्यात कोळायला बसवा. हात कोपरापर्यंत माखतात, खुशाल माखू देत. त्या पाण्यात गूळ, मीठ, तिखट आणि तुपाची जिऱ्याची फोडणी घातली की आंब्याचं सार तयार. कुणी त्याला फजिता म्हणतं. कलिंगड खाल्लं की हिरवी साल काढून पांढरा भाग किसायचा. तांदळाचं पीठ, हिरवी मिरची, मीठ घालून त्याची धिरडी छान जाळीदार होतात. दोडका आणला की शिरा सोलायचं काम धाकट्याकडे. त्या थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि तिखट घालून चटणी. गंमत म्हणजे दोडक्याच्या भाजीला नाक मुरडणारा हा मुलगा ती चटणी कोरडीच खातो. स्वतः सोलल्याचा तो परिणाम, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तो मुलगा म्हणजे मुलगा आहे, हेही मुद्दाम सांगते. आमच्या घरी आलेल्या एक काकू त्याला कणीक मळताना बघून म्हणाल्या, "अगं, याला कशाला? हिला शिकव की." मी म्हटलं, "काकू, जेवतो तोही ना?" त्या हसल्या आणि विषय संपला. पण दोन मुलांच्या घरात काटकसरीचे धडे फक्त मुलीला दिले तर वीस वर्षांनी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पुन्हा एक बाई उभ्या उभ्या शिळी पोळी खात असणार.

नोकरी करणाऱ्या बायका म्हणतील, वेळ कुठाय? खरंय. मुलं मदतीला आली की दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं होतं, वर ओटा पुसायचा तो वेगळाच. मीही नोकरी करते. सोमवार ते शुक्रवार एकेकाला एकच काम: एकानं लसूण सोलायचा, एकीनं कोथिंबीर निवडायची. काड्या टाकायच्या नाहीत, त्या आमटीत जातात. बाकी सगळं रविवारी. आणि नवऱ्यांनो, रविवारी ओटा पुसायला तुम्ही उभे राहा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

या सुट्टीत मुलीनं स्वतः शिवलेल्या वहीत पाककृती उतरवायला घेतल्यात. तिला अजून फणसाच्या आठळ्यांचं, दुधीच्या सालींचं आणि नासलेल्या दुधाचं काही हवंय. तुमच्या घरी होत असेल ते खाली लिहा. फक्त "अंदाजे" आणि "चवीपुरतं" नको. वाटी-चमच्यात लिहा, कारण वाचून करणारी नऊ वर्षांची आहे.