यादीतून नाव गेलं तर भांडायचं कुणाशी?

२०२२ साली हरियाणात, रोहतक जिल्ह्यात, १०२ वर्षांच्या एका आजोबांनी स्वतःची वरात काढली. गळ्यात नोटांचा हार, बँडबाजा आणि फलक : 'थारा फूफा अभी जिंदा है', म्हणजे तुमच्या आत्याचा नवरा अजून जिवंत आहे. सरकारी नोंदीत ते मेले होते, म्हणून पेन्शन बंद. लोकांनी व्हिडिओ पाहिला, हसले, पुढे पाठवला.

गरीब देशांतलं सरकार पुढे कसं असेल, यावर बोलताना आपण लोकशाही टिकणार की चीनसारखं होणार, यातच अडकतो. माझं म्हणणं वेगळं आहे. निवडणुका होत राहतील, झेंडे बदलत राहतील. पण सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यावरची सत्ता सरकारी संगणकातल्या यादीकडे जाईल, खरं तर बरीचशी गेलीच आहे. नाव आहे की नाही, एवढाच प्रश्न.

आता लगेच 'पूर्वी काय रामराज्य होतं का?' असं कुणी विचारेल. नव्हतंच. रुपयातले पंधरा पैसेच खाली पोचतात, हे १९८५ मध्ये खुद्द पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते. निराधारांच्या पगारातून चहापाणी कापणारे, रेशनचं धान्य काळ्या बाजारात विकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पैसे थेट खात्यात येऊ लागल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांची दुकानदारी बसली, आणि बरं झालं. आफ्रिकेतल्या टोगो या छोट्या देशाने २०२० च्या कोरोनाकाळात तर कमालच केली. गरिबांची धड नोंदच नव्हती, तर उपग्रहाची छायाचित्रं आणि मोबाइल वापराची माहिती यांवरून जास्त गरीब कोण ते ठरवलं आणि फोनवर पैसे पाठवले. टाळेबंदीत उपाशी बसलेल्याला ते मिळाले, याचं मोल मोठं आहे. पण ज्याला नाही मिळाले, त्याने उपग्रहाकडे कसा अर्ज करायचा?

माझी अडचण इथे आहे. जुना तलाठी लाच खायचा, पण तो दिसायचा. त्याला शिव्या देता यायच्या, तहसीलदाराकडे तक्रार करता यायची, फारच झालं तर गावाने मोर्चा नेला. आता सेतू केंद्रातला पोरगा म्हणतो, 'मावशी, वरूनच रिजेक्ट झालंय.' हे 'वर' म्हणजे कोण, ते त्यालाही ठाऊक नसतं.

लाडकी बहीण योजनेचंच बघा. २०२४ मध्ये दोन कोटींहून जास्त बायकांना भराभर पैसे सुरू झाले. मग २०२५ मध्ये छाननी, आणि लाखो नावं संशयित. त्यात हजारो पुरुषसुद्धा निघाले! ती नावं जायलाच हवीत, वाद नाही. पण ई-केवायसीसाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा जिचा नवराही नाही आणि बापही नाही तिने काय करायचं, हा विचार आधी कुणीच केला नाही. गावोगावच्या बायकांनी ओरड केल्यावर तो झाला. आणि बीडकडची ऊसतोड करणारी बाई सहा महिने कारखान्याच्या फडात असते. मोबाइल नंबर बदललेला, कोयता धरून अंगठा झिजलेला. ती ओटीपी कुणाच्या फोनवर घेणार?

दुसरी गोष्ट राजकारणाची. पैसा मुख्यमंत्र्यांच्या फोटोसकट थेट खात्यात आला की सरपंच, नगरसेवक यांची गरजच उरत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. देशातली सर्वात श्रीमंत महापालिका जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती, आणि त्यासाठी फारसं कुणी रस्त्यावर उतरलं नाही. खालचा निवडून आलेला माणूस नसला तरी चालतं, हे आपण वरच्यांना स्वतःच शिकवलंय. आंध्रात जानेवारी २०२५ पासून दीडशेवर सरकारी सेवा व्हॉट्सॲपवर आहेत, आपल्याकडेही तीच दिशा आहे. सोय म्हणून उत्तम. पण नगरसेवकाच्या ऑफिसात बसून जो जाब विचारता येतो, तो चॅटबॉटला विचारता येत नाही.

उपाय नाहीत असं नाही. केनियात हुडुमा नंबा नावाची ओळख क्रमांकाची योजना आली. लोकांच्या माहितीला काय धोका आहे ते आधी तपासलं नाही, म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती बेकायदा ठरवली. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. तसाच नियम यादीला लावा : नाव कापण्याआधी लेखी नोटीस, कापणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पैसे चालू. चार अपात्र लोकांना दोन महिने जास्त पैसे गेले तरी चालतील. एका पात्र म्हातारीचे बंद होता कामा नयेत.

आणि चावडी वाचन. संगणकावरच्या सातबाऱ्यातल्या चुका शोधायला २०१७ मध्ये आपण ते गावोगाव केलंच होतं. योजनेतून वगळलेली नावं, कारणासकट, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे, हे सर्व्हरपेक्षा गावाला पक्कं माहीत असतं. त्यासाठी नवं ॲप नको, नवा जीआरही नको. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, असा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.